ताम्रपटावरील दाता : सर जमशेटजी जीजीभाई यांचे कोरीव चित्र आणि आपण

कोणत्याही धर्मादाय संस्थेच्या सभागृहात प्रवेश केला की प्रथम दृष्टी जाते ती भिंतीवरील तसबिरींकडे. संस्थापक, आद्य विश्वस्त, भूमिदाते आणि वर्गणीदार हे सारे चंदनाच्या हाराआडून आपल्याकडे पाहत असतात. पहिल्या पिढीला ते आप्त म्हणून ठाऊक असतात, दुसऱ्या पिढीला नावाने ठाऊक असतात. तिसऱ्या पिढीला मात्र ती केवळ चौकट उरते. सुवर्णमहोत्सव हा नेमका दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या सांध्यावर येतो. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने दात्याच्या चित्राचा थोडा इतिहास सुज्ञ वाचकांपुढे ठेवावा, असे मनात आले. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई यांच्या कोरीव चित्रांचे. ते पारशी होते, जैन नव्हते. परंतु त्यांच्या दानधर्माचा एक महत्त्वाचा धागा जैन श्रेष्ठींच्या हातात होता, हे पुढे दिसेलच.

नाव आधी, चेहरा नंतर

आपल्या देशात दाता प्रथम अक्षरांतून अमर झाला. चेहऱ्याचा मान त्याला फार उशिरा मिळाला. कार्ल्याच्या लेण्यात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव कोरलेले आहे. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या चरणांपाशी, ती मूर्ती चावुंडरायाने करविली असे सांगणारा लेख आहे. मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. एवढी प्रचंड मूर्ती उभी करणारा मंत्री स्वतः मात्र चरणांजवळच्या एका ओळीत सामावला! आपल्या कुंथलगिरीसारख्या सिद्धक्षेत्री जाताना भाविकाची नजर देणगीदारांच्या फरशांवर पडते, त्यामागे हीच जुनी परंपरा आहे.

राजे-महाराजे दान देत ते ताम्रपटावर. तांब्याच्या पत्र्यावर छिन्नीने अक्षरे कोरायची, कड्यात ओवायची आणि राजमुद्रा लावायची. पत्रा एकच, आणि त्याचा धनीही एकच. युरोपात मात्र पंधराव्या शतकापासून याच तांब्याच्या पत्र्याचा निराळा उपयोग होऊ लागला. पत्र्यावर चित्र कोरायचे, चरांत शाई भरायची, वरचा पृष्ठभाग स्वच्छ पुसायचा आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. चरांतील शाई कागदाने उचलली की चित्र तयार. एका पत्र्यापासून शेकडो प्रती निघू लागल्या. आपला ताम्रपट दानाची कायदेशीर साक्ष होता. हा नवा ताम्रपट दात्याच्या कीर्तीचा वाहक झाला.

यात एक गंमत आहे. छाप उलटी उमटत असल्यामुळे कारागिराला सगळे उलटे कोरावे लागते. उजवा हात डावीकडे, डावा उजवीकडे, अक्षरेही उलटी. पत्र्यावर सारे उलटे असते, तेव्हाच कागदावर ते सुलटे दिसते. दात्याच्या चरित्राकडे पाहतानाही ही गोष्ट ध्यानी ठेवावी, असे मला वाटते.

ताणा-बाणा ओळखणारा डोळा

मी व्यवसायाने कापड व्यापारी. सूत मोजण्याचे लहान भिंग ही आमच्या गादीवरची नित्याची वस्तू. एका इंचात ताण्याचे धागे किती, बाण्याचे किती, यावरून कापडाचा पोत ठरतो. हेच भिंग जुन्या छापील चित्रावर धरले, तर ते चित्र कोणत्या पद्धतीने छापले आहे हे बऱ्याच अंशी कळते.

तांब्यावरील वा पोलादावरील कोरीव चित्रात गालाची गोलाई, पागोट्याची घडी, जाम्याची चुणी हे सर्व रेषांनी साधलेले असते. छाया दाट हवी तेथे एका दिशेच्या रेषांवर दुसऱ्या दिशेच्या रेषा आडव्या घातलेल्या दिसतात. अगदी ताणा आणि बाणा. कागदाच्या कडेला चौकोनी दबलेली खूण असते. ती पत्र्याच्या कडेची. शाई किंचित उंचावलेली असते, बोटाला जाणवते. तांबे मऊ असल्याने काही शे प्रतींनंतर रेषा झिजतात. १८२० नंतर पोलादी पत्रे प्रचारात आले आणि हजारो प्रती काढणे शक्य झाले.

लाकडी ठोकळ्यावरील कोरणीचा प्रकार याच्या नेमका विरुद्ध. तेथे शाई चरात नसते, उंच राहिलेल्या भागावर असते. म्हणून तो ठोकळा खिळ्यांच्या अक्षरांबरोबर एकाच वेळी छापता येतो. १८४२ साली सुरू झालेल्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाने याच पद्धतीवर आपला पसारा उभारला. तिसरा प्रकार शिळाछापाचा. त्यात रेषांऐवजी खडूसारखा रवाळ पोत दिसतो आणि कडेची दबलेली खूण नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या हाफटोन छपाईत तर भिंगाखाली केवळ ठिपके दिसतात. आपल्या संस्थांतून ‘फार जुने चित्र’ म्हणून लावलेल्या पुष्कळ तसबिरी भिंगाखाली ठिपक्यांच्या निघतात. त्यात कमीपणा काही नाही, पण वस्तूचे वय ठाऊक असावे.

जुन्या कोरीव चित्राखाली सहसा दोन बारीक नावे असतात. डावीकडे मूळ चित्र रंगविणाऱ्याचे आणि उजवीकडे पत्रा कोरणाऱ्याचे. त्यांच्यापुढे ‘पिंक्स’ आणि ‘स्कल्प’ असे लॅटिन शब्दांचे संक्षेप असतात. दात्याच्या चेहऱ्याखाली कारागिराचे नाव छापण्याची ही रीत मला मोठी न्याय्य वाटते. आमच्या धंद्यातही विलायती ताग्यांवर रंगीत चित्रांची तिकिटे चिकटवलेली येत. देवदेवता, हत्ती, राजेरजवाडे यांच्या त्या चित्रांवरून गिऱ्हाईक माल ओळखत असे; परंतु चित्रकाराचे नाव त्यावर क्वचितच सापडे. तिकीट मालाची हमी देते. चित्राने माणसाची हमी द्यावी, अशी आपली अपेक्षा असते. ती कितपत रास्त आहे, हे आता पाहू.

बाटलीवाला ते बॅरोनेट

जमशेटजींचा जन्म १७८३ सालचा. घराणे मूळचे नवसारीकडचे, स्थिती बेताची. १७९९ मध्ये आई-वडिलांचे छत्र हरपले. मामा फ्रामजी नसरवानजी यांच्याकडे रिकाम्या बाटल्यांच्या व्यापारात त्यांनी उमेदवारी केली. त्यावरून ‘बाटलीवाला’ हे नाव लागले. १८०३ साली फ्रामजींची कन्या अवाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऐन तारुण्यात त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ साली ‘ब्रन्सविक’ नावाच्या जहाजावर असताना फ्रेंचांनी जहाज पकडले आणि त्यांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत बंदी म्हणून जावे लागले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन हा शल्यवैद्य होता. पुढे तोच चीनच्या व्यापारातील बलाढ्य पेढीचा धनी झाला आणि जमशेटजींचा कायमचा व्यापारी मित्र ठरला. संकटात जुळलेली ओळख व्यापारात किती मोलाची ठरते, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको.

पुढे मुंबईत त्यांनी स्वतःची पेढी उभारली. तिच्या कारभारात त्यांचे सहकारी होते मोतीचंद अमीचंद, म्हणजेच जैन समाजाला आदराने ठाऊक असलेले शेठ मोतीशा. तसेच महंमद अली रोगे आणि गोमंतकीय रोजेरिओ द फारिया. पारशी, जैन, कोकणी मुसलमान आणि ख्रिस्ती यांची ही भागीदारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे, हे आजच्या काळात आवर्जून सांगावेसे वाटते. याच मोतीशांनी भायखळ्याचे आदीश्वर मंदिर उभारले आणि शत्रुंजय पर्वतावर खोल दरी बुजवून प्रचंड टूक बांधायला घेतली. तिची प्रतिष्ठा मात्र १८३६ मधील त्यांच्या निधनानंतर झाली.

१८४२ साली जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला. तो मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. १८५७ मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली, आणि १८५९ साली त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. इटालियन शिल्पकार मारोकेटी याने घडविलेला त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये बसविण्यात आला. जॉर्ज चिनरी या चित्रकाराने रंगविलेल्या त्यांच्या प्रसिद्ध चित्रात पांढरा पारशी पोशाख आणि उंच पागोटे दिसते आणि शेजारी एक चिनी सेवकही दिसतो. अशा रंगीत चित्रांवरून आणि पुढे छायाचित्रांवरून छापील चित्रे निघाली आणि हा चेहरा ज्यांनी मुंबई कधी पाहिली नाही, त्यांच्याही घरी पोहोचला.

चार दानांचा हिशेब

आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी दानाची चार अंगे मानली आहेत. जमशेटजींनी हे वर्गीकरण वाचले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. परंतु त्यांचा दानधर्म या चारही खात्यांत बरोबर मांडता येतो.

औषधदानात भायखळ्याचे रुग्णालय येते. १८४३ च्या जानेवारीत त्याची कोनशिला बसली आणि १८४५ मध्ये ते ग्रँट मेडिकल कॉलेजच्या जोडीने सुरू झाले. जमशेटजींनी लाखाहून अधिक रुपये द्यावेत आणि सरकारनेही आपला वाटा उचलावा, अशी ती योजना होती. आज ज्याला सारा महाराष्ट्र ‘जे. जे.’ म्हणतो, ते हेच. त्या दोन अक्षरांमागे माणसाचे नाव आहे, याची जाणीवही आता पुसट झाली आहे. ज्ञानदानात १८४९ सालची पारशी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन आणि १८५७ साली सुरू झालेली कलाशाळा येते. या कलाशाळेत आरंभीच्या काळात लाकडी ठोकळ्यावरील कोरणीही शिकविली जात असे. ज्याचा चेहरा परदेशी कारागीर कोरीत होते, त्याच्याच देणगीतून येथील मुलांना कोरणीचे शिक्षण मिळाले, हा योगायोग मोठा सुंदर आहे.

आहारदानात बेलासिस रस्त्यावरील धर्मशाळा मोडते. तेथे वृद्ध व निराधारांना अन्न आणि आसरा मिळे. पुण्याच्या पाण्यासाठी मुळा-मुठेवर बांधलेल्या बंधाऱ्यालाही त्यांनी मोठी रक्कम दिली. ‘बंड गार्डन’ हे नाव त्या बंधाऱ्याचेच. आणि १८२२ साली त्यांनी कर्जापायी मुंबईच्या तुरुंगात पडलेल्या गरिबांची देणी फेडून त्यांना मोकळे केले. याला आहारदान म्हणावे की अभयदान, हे वाचकांनीच ठरवावे. उधारीवर चालणाऱ्या बाजारपेठेतील माणसाला त्याचे मोल अधिक कळेल.

अभयदानाचे त्यांचे मुख्य कार्य म्हणजे मुंबईची पांजरापोळ. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मुंबईत मोठा दंगा उसळला. पारशी पुढे होते, हिंदू आणि जैनही त्यात सामील झाले. दंगा शमला, पण प्रश्न राहिला. तेव्हा १८३४ मध्ये जमशेटजी आणि मोतीशा यांच्या पुढाकाराने मुक्या प्राण्यांसाठी पांजरापोळ स्थापन झाली आणि तिच्या खर्चासाठी व्यापारी मालावर लागा बसविण्यात आला. एकरकमी देणगी संपून जाते. बाजाराच्या उलाढालीशी बांधलेला लागा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. संस्था दीर्घकाळ टिकविण्याचे हे गमक त्या व्यापाऱ्यांनी पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच जाणले होते.

चित्रात जे नाही

येथवर चित्र सुलटे दिसते. आता पत्र्याची बाजू पाहणे भाग आहे.

जमशेटजींच्या संपत्तीत कापसाचा वाटा होता, तसाच माळव्यातील अफूचाही होता आणि तो मोठा होता. ही अफू मुंबईहून चीनला जाई. १८३९ साली चिनी अधिकारी लिन यांनी कँटन येथे वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. त्यातून युद्ध पेटले. १८४२ साली नानकिंगचा तह चीनवर लादला गेला, आणि त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ किताब मिळाला. त्यांच्या बॅरोनेट पदाच्या मानचिन्हावर मोर, मधमाश्या आणि उगवता सूर्य आहे. ब्रीद आहे ‘उद्योग आणि औदार्य’. दोन्ही शब्द खरे आहेत. पण त्या उद्योगात काय होते, हे मानचिन्ह सांगत नाही. चिनरीच्या चित्रात शेजारी उभा असलेला तो चिनी माणूस तेवढा मूकपणे काही सुचवून जातो.

कुत्र्याच्या प्राणासाठी कळवळणारे मन दूरदेशीच्या व्यसनाधीन माणसाविषयी उदासीन कसे राहिले? हा प्रश्न एकट्या जमशेटजींना विचारण्याचा नाही. अफूचा व्यापार त्या काळी हिंदुस्थानात कायदेशीर होता, कंपनी सरकार त्यावर पोसत होते आणि मुंबईच्या जवळजवळ सर्वच मोठ्या पेढ्या, त्यात जैन पेढ्याही आल्या, त्यात गुंतल्या होत्या. एवढे म्हणून आपण सुटका करून घेऊ शकतो. परंतु न्यायोपार्जित द्रव्यातूनच दान करावे, अशी शिकवण ज्या परंपरेने दिली, तिच्या वारसांनी इतक्यावर समाधान मानू नये. ज्या रुग्णालयात पावणेदोनशे वर्षे गोरगरीब बरे होत आहेत, त्याचे पुण्य खरे आहे. आणि ज्या पैशातून ते उभे राहिले, त्याचा दोषही खरा आहे. जमाखर्चाच्या वहीत जमेची बाजू खर्चाच्या बाजूला पुसत नाही. दोन्ही मांडल्या तरच ताळेबंद होतो.

चित्रात आणखी एक व्यक्ती नसते, ती म्हणजे अवाबाई. माहीमच्या खाडीत होड्या उलटून माणसे बुडत. पूल बांधण्यास सरकार राजी होईना, तेव्हा त्या माउलीने आपल्या पैशातून सुमारे १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली की जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून कोणताही कर घेऊ नये. १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. आजही लक्षावधी लोक त्यावरून जातात आणि ‘लेडी जमशेटजी रोड’ हे नाव घेतात. त्या नावातही पतीचेच नाव आहे, त्यांचे स्वतःचे नाही. आपल्याकडे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी १९०५ साली मुंबईत हिराबाग धर्मशाळा पित्याच्या स्मरणार्थ उभारली. त्यांची कन्या मगनबाई यांनी श्राविकाश्रमाच्या रूपाने विधवा भगिनींच्या शिक्षणाचे कार्य केले. मगनबाईंची तसबीर किती जैन संस्थांच्या भिंतीवर आहे, याचा शोध ज्याचा त्याने घ्यावा.

आपल्या जिल्ह्यापुरते

धाराशिव जिल्ह्याला मुंबईसारखे धनाढ्य दाते लाभले नाहीत. पण कापडाचा आणि स्मृतीचा वारसा येथेही थोर आहे. आपले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवीसनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी प्रवासग्रंथात तगरहून गाड्यांतून भडोचकडे जाणाऱ्या मलमलीचा आणि साध्या कापडाचा उल्लेख आहे. ते विणणाऱ्यांची वा विकणाऱ्यांची चित्रे उरली नाहीत. परंतु तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या मातीतून निघालेली मृण्मये, मणी, शंख आणि हस्तिदंताच्या वस्तू जिवापाड जपल्या आणि शासनाच्या स्वाधीन केल्या. तेथील संग्रहालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. पोलादी पत्र्यावर कोरलेल्या चेहऱ्याहून हे स्मारक कमी मोलाचे आहे, असे कोण म्हणेल?

या सर्वांतून सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त बंधू-भगिनींपुढे काही नम्र सूचना ठेवाव्याशा वाटतात. संस्थेतील प्रत्येक तसबिरीच्या मागे पेन्सिलीने व्यक्तीचे पूर्ण नाव, गाव, दानाचे स्वरूप, वर्ष आणि चित्रकाराचे वा छायाचित्रकाराचे नाव लिहून ठेवावे. हे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम होऊ शकेल. जुनी चित्रे भिंतीच्या ओलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावीत. काचेला कागद चिकटू देऊ नये. ज्या दात्यांची चित्रे नाहीत त्यांची, आणि विशेषतः दानात ज्यांचे मंगळसूत्र वा पाटल्या गेल्या त्या माता-भगिनींची, नावे तरी एका फलकावर यावीत. आणि शेवटचे म्हणजे, पहिल्या वर्षापासूनच्या जमाखर्चाच्या वह्या तसबिरींइतक्याच आदराने कपाटात जपाव्यात. चित्र दात्याचा चेहरा सांगते, वही त्याचे चरित्र सांगते.

पुढील पन्नास वर्षांनी शताब्दीची स्मरणिका निघेल. तेव्हाच्या कोणी तरुणाने आपल्या काळातील तसबीर हाती घेऊन भिंग लावले, तर त्याला ठिपके दिसोत की रेषा. तसबिरीच्या मागे नाव लिहिलेले असावे आणि कपाटात त्या वर्षाचा हिशेब मिळावा, एवढी व्यवस्था आपण आज करून ठेवू शकतो.